पंखा बंद करून ऐकावे

सोलापूर, बाळीवेस
२३ मार्च २०२५

धनाजीराव,

शरणार्थ. तुमची सारंगीची तबकडी सुखरूप पोचली. बार्शी गाडीचा कंडक्टर आता चांगला ओळखीचा झाला आहे. पुडकं हातात देताना म्हणतो, "घ्या काका, तुमचा पापड आला." नियमाप्रमाणे दारं लावून, पंखा बंद करून, एकट्याने ऐकली. सोलापुरात मार्चच्या दुपारी पंखा बंद करणं म्हणजे काय, हे तुम्हाला बार्शीच्या गारव्यात बसून कळायचं नाही. बनियन पिळून काढावं लागलं. सारंगी उत्तम आहे. मात्र दुसऱ्या बाजूला कुणीतरी दोनदा खाकरतं, ते तुम्ही पत्रात लिहिलं नव्हतं. एक गुण कापला आहे.

आता मुद्द्याचं. जुन्या बाजारात त्या सनईच्या तबकडीची एक कड तुमच्या हातात आणि दुसरी माझ्या हातात होती, त्याला अकरा वर्षं झाली. दोघांनी मिळून घेतली, जानेवारी ते जून तुमच्याकडे, जुलै ते डिसेंबर माझ्याकडे, असं ठरलं आणि तिथून आपली ही देवाणघेवाण सुरू झाली. फोन नाही, पत्रच, हाही नियम माझाच. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली आहेत, फोनवर माणसाचा आवाज अर्धाच पोचतो हे मी खात्रीने सांगतो. या अकरा वर्षांत तुम्ही मला पुष्कळ चांगलं ऐकवलंत. पण सर्वांत चांगलं काय असतं, ते मी तुम्हाला अजून ऐकवलेलं नाही.

सोबतची कॅसेट आजवर या घराबाहेर गेलेली नाही. हिच्यात माझी आई सुंदरम्मा गाते आहे. १९८३ साली मी नवा टेपरेकॉर्डर घेतला, नीलम्माशी लग्न होऊन चारच महिने झाले होते, तेव्हा याच घरात ही भरली. पद आईनेच रचलेलं, ताक घुसळतानाचं. पेटी नाही, तबला नाही. ऐकताना शेवटाकडे लक्ष द्या. आईची तिथे समाधी लागते आणि पट्टी आपोआप चढत जाते. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तिने स्वतः ऐकलं तेव्हा म्हणाली, हा माझा आवाज नव्हे. मी तिला समजावलं की मशीनवर स्वतःचा आवाज कुणालाच ओळखू येत नाही. आई जाऊन एकोणतीस वर्षं झाली, पण रोज सकाळी चहाबरोबर मी ही कॅसेट लावतो.

नात शिवानी कॉलेजसाठी आमच्याकडे असते, हे तुम्हाला माहीत आहेच. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी तोळणूरला, गावच्या मठात, तिने हे पद म्हणायचं असं मी कबूल करून बसलो आहे. आईनंतर ते कुणी म्हटलेलं नाही. पण पोरगी रडकुंडीला आली आहे. तिचा गळा पेटीवर काळी चारचा. आई तिच्याहून एक पट्टी वर, पांढरी सहाला सुरू करते आणि संपवते तेव्हा पांढरी सातला असते, म्हणजे तीन पट्ट्या वर. शिवानीच्या गाण्याच्या बाई म्हणतात, असं कुणी गात नाही. मी म्हटलं, कुणी गात नाही म्हणून तर ती आमची आई.

ऐका आणि कळवा. घाई नाही, पण आठ दिवसांत कळवा.

ईश्वरप्पा तोळणुरे


बार्शी
६ एप्रिल २०२५

ईश्वरप्पा,

रामराम. बार्शीच्या गारव्यातून लिहितो आहे. काल इथे बेचाळीस होतं.

कॅसेट मिळाली त्याच दुपारी दुकानाचं शटर खाली ओढलं, पंखा बंद केला आणि बसलो. भर बाजारात दुपारी शटर खाली बघून गोजाबाई घाबऱ्या घाबऱ्या आली आणि विचारते कशी, "कोन गेलं का हो?" तिला म्हटलं, कुणी गेलं नाही, ईश्वरप्पांच्या आई आल्यात. मग तीही पोत्यावर टेकली आणि शेवटपर्यंत उठली नाही. लग्न झाल्यापासून माझ्या दुकानात तिने एवढा वेळ गप्प बसण्याची ही पहिली वेळ.

पद फार गोड आहे. ताकाच्या रवीची लय त्यात बरोबर उतरली आहे. तुम्ही ही कॅसेट माझ्यावर विश्वासून धाडलीत, हे मी विसरणार नाही.

एक विचारू? गाण्याच्या मागे भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाचा आवाज आहे. ते घड्याळ अजून तुमच्याकडे आहे का? असेल आणि चालत असेल, तर एका मिनिटात ते किती वेळा टिकटिक करतं तेवढं मोजून कळवा. आणि त्या दिवशी टेप विजेवर होता की सेलवर? बाकी सविस्तर नंतर लिहितो.

धनाजी वाघमोडे


सोलापूर
१४ एप्रिल २०२५

धनाजीराव,

पत्र तीनदा वाचलं. आईबद्दल दोन ओळी आणि घड्याळाबद्दल पाच. माणूस आंब्याच्या झाडाखाली उभा राहून ओट्याच्या फरशीचं कौतुक करतो, तसं झालं.

घड्याळाचा आवाज तुम्हाला खुपत असेल आणि हल्ली ते कॉम्प्युटरवर पुसून टाकतात तसं काही करायचा बेत असेल, तर हात लावू नका. घड्याळ विकत घ्यायचा विचार असेल तर ते विकायचं नाही. ते वडिलांचं आहे, माझ्या डोक्यावर याच भिंतीला टांगलेलं आहे आणि उत्तम चालतं. मोजलं. नीलम्मा मोबाइलमध्ये मिनिट बघत होती आणि मी बोटांवर मोजत होतो. शंभर. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा शंभर. तेही सरकारी नोकराच्या घरचं घड्याळ आहे, उगाच घाई करत नाही.

वीज त्या संध्याकाळी नव्हती, म्हणून सेलवर लावलं होतं. सहा सेल, नवेकोरे, आदल्याच दिवशी आणलेले. हे मी विचारल्यावर नीलम्मा आत निघून गेली. तिला या विषयाचा कंटाळा आहे.

शिवानीचा आवाज बसला आहे. बाईंनी आठ दिवस गाऊ नको म्हणून सांगितलं. मी सकाळ-संध्याकाळ आल्याचा रस देतो आहे. हल्लीच्या मुलांना कष्ट नकोत.

ईश्वरप्पा


बार्शी
२७ एप्रिल २०२५

ईश्वरप्पा,

हे पत्र चारदा लिहून फाडलं. पाचवं धाडतो आहे, कारण सहाव्यातही हेच लिहावं लागेल.

तुमचं घड्याळ घरात शंभर टिकटिक करतं. तेच घड्याळ कॅसेटमध्ये पहिल्या मिनिटाला एकशे सहा आणि शेवटच्या मिनिटाला एकशे एकोणीस टिकटिक करतं. मी सात वेळा मोजलं. आईंची समाधी लागली हे मी मानायला तयार आहे, पण त्या वेळी घड्याळालाही समाधी लागली होती का?

सेल उतरलेले होते, ईश्वरप्पा. भरताना फीत हळू फिरली आणि सेल जसजसे मरत गेले तसतशी आणखी हळू. अशी फीत नंतर चांगल्या मशीनवर लावली की आवाज वर चढतो आणि गाणं पळतं. टेप-रेडिओ दुरुस्तीच्या माझ्या दुकानात आयुष्यभर हेच पाहिलं आहे. एका घरी वडिलांचं भाषण लावलं की सगळी नातवंडं हसायची, ते याच कारणाने. नवेकोरे सेल का उतरले ते मला माहीत नाही, पण उतरले होते हे घड्याळ सांगतं आहे. एकशे सहा म्हणजे एक पट्टी वर. एकशे एकोणीस म्हणजे तीन पट्ट्या वर. तुम्ही पेटीवर जे ऐकलंत त्याच्याशी हे तंतोतंत जुळतं.

म्हणजे आई काळी चारमध्ये गात होत्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. शिवानीला सांगा की तुझी पणजी तुझ्याच पट्टीत गायची. मग आल्याचा रस लागायचा नाही.

धनाजी


सोलापूर
२ मे २०२५

श्री. वाघमोडे,

आईचा आवाज मी जन्मल्यापासून ऐकला आहे. तुम्ही तो एका दुपारी, पोत्यावर बसून ऐकलात. रेडिओ दुरुस्त करता करता माणसाला वाटायला लागतं की जगात सगळंच बिघडलेलं आहे.

कॅसेट परत पाठवा. एक जुलैला माझ्याकडे यायची सनईची तबकडी तुमच्याकडेच राहू द्या. मला नको.

ई. तोळणुरे


सोलापूर
२० जून २०२५

धनाजीभाऊ,

मी नीलम्मा. तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ, चुकलंमाकलं पोटात घाला. हे पोस्टात टाकायला मीच जाणार आहे. ह्यांना सांगितलंय, कोथिंबीर आणायला जाते.

तुम्ही लग्नसराईचं, गाडीत पार्सलला जागा नसल्याचं निमित्त करून कॅसेट ठेवून घेतलीत, ते बरं केलंत. अजून धाडू नका. पण इथलं सांगते. ह्यांनी सनई सोडली तेव्हाच मी समजले की प्रकरण साधं नाही. लग्नानंतर ह्यांनी सोडलेली ही दुसरी गोष्ट, पहिली तंबाखू. सकाळी चहा घेऊन रिकाम्या टेपसमोर बसतात. संध्याकाळी घड्याळाखाली खुर्ची ओढून टिकटिक मोजतात. एकशे सहा भरावेत म्हणून मोजतात, भरतात शंभरच. मग घड्याळाशीच बोलत नाहीत.

शिवानी परवा म्हणाली, आजोबा, मी गाणं सोडते, पणजीएवढं मला कधीच यायचं नाही. तिने तानपुरा कपाटावर चढवून ठेवला. पोर चांगली गाते हो. माझ्या डोळ्यांदेखत तिचं गाणं सुटत चाललंय आणि त्याला कारण मी आहे. म्हणून लिहिते.

ते सेल मी उतरवले. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, मोहोळहून आलेली. घरात गाणं म्हणजे मठातलंच. हे ड्युटीवर गेले, सासूबाई झोपल्या, की मी माहेरून आणलेली सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट बारीक आवाजात लावायची. त्या दिवशी सकाळीच वीज गेली होती. मला काय ठाऊक नवे सेल कशासाठी आणलेत. दुपारभर ऐकली. संध्याकाळी हे आले आणि सासूबाईंना गायला बसवलं. मी भिंतीला टेकून सगळं बघत होते, सेलचं सांगायचं धाडस झालं नाही.

सासूबाईंचा आवाज जाडसर होता, भाऊ. खालचा, भरलेला. कॅसेटमधला आवाज त्यांचा नव्हे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्याही तसंच म्हणाल्या होत्या. पण ह्यांनी त्यांना मशीनचं शास्त्र शिकवलं. पुढे त्या गेल्यावर हे रोज ती कॅसेट लावून डोळे पुसायचे, मग सांगू कसं? बेचाळीस वर्षं तशीच निघून गेली.

तुम्हाला ती कॅसेट बरोबर करता येते का? येत असेल तर करा. मी केलं हे मात्र ह्यांना कळवू नका, उत्तर माझ्या शेजारणीच्या नावे धाडा.

नीलम्मा


बार्शी
६ जुलै २०२५

नीलम्मा वहिनी,

नमस्कार. हे पत्र तुमच्या शेजारणीच्या नावे, तुम्ही सुचवल्याप्रमाणे.

कॅसेट झाली. एका जुन्या डेकच्या मोटरचा स्क्रू मी हाताने फिरवत बसलो आणि गोजाबाई माझं मनगटी घड्याळ घेऊन टिकटिक मोजत बसली. ती नुसती "पळतंय" आणि "रांगतंय" एवढंच सांगायची. एकोणतीस वेळा केलं. तिसाव्या वेळी पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत शंभर भरले. आवाज तुम्ही म्हणता तसाच निघाला. जाडसर, भरलेला. गोजाबाईने पदर डोळ्याला लावला. ती माझ्यासाठी कधी लावत नाही.

आता एक अडचण आहे. गाणं संपल्यावर फितीवर थोडासा चिरका आवाज आहे. ईश्वरप्पा तो मशीनचा किरकिराट समजून आजवर तिथेच बंद करत आले असणार. तोही मी हळू करून ऐकला. तो किरकिराट नाही. सासूबाई बोलत आहेत, आणि तुमच्याशी बोलत आहेत. ईश्वरप्पा बहुतेक त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेले असावेत, तांब्याचा आवाज येतो. काय बोलल्या ते सोबत वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं आहे. त्यात तुमचं गुपित उघडं पडतं.

मी आजपर्यंत कुणाच्याही फितीवरचं काही कापलेलं नाही, खोकलासुद्धा नाही. पण तुम्ही म्हणालात तर हे कापीन. तुम्ही सांगाल तसं.

धनाजी


(पोस्टकार्ड)
सोलापूर, १२ जुलै

भाऊ, कापू नका. चिठ्ठी दहादा वाचली. मी बेचाळीस वर्षं लपवलं, आता सासूबाईच सांगायला आल्या असतील तर मी कोण अडवणारी? धाडून द्या. नीलम्मा


बार्शी
२४ जुलै २०२५

ईश्वरप्पा,

सोबत दोन कॅसेट आहेत. एक तुमची, होती तशी. दुसरी तीच, घड्याळ शंभरावर धरून केलेली. न विचारता नक्कल केली, नियम मोडला. त्याची शिक्षा म्हणून सनईचे माझे पुढचे सहा महिने कापा.

दुसरी ऐकायचीच नसेल तर ऐकू नका, मी पुन्हा विषय काढणार नाही. ऐकलीत तर पंखा बंद करा, पण एकट्याने ऐकू नका. वहिनी आणि शिवानी शेजारी असू द्या. आणि गाणं संपलं म्हणून उठू नका.

धनाजी


सोलापूर
२४ ऑगस्ट २०२५

धनाजीराव,

शरणार्थ. पुडकं आलं ते तसंच कपाटात टाकलं. नागपंचमीच्या दुपारी शिवानीनेच ते काढलं आणि म्हणाली, आजोबा, तुम्हाला भीती वाटते का? एवढ्या मोठ्या नोकरीत मला हे कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, लाव.

पंखा बंद केला. तिघं बसलो. कॅसेट सुरू झाली आणि पहिल्या ओळीला मी बोललोसुद्धा की ही आमची आई नव्हे. दुसऱ्या ओळीला टेपजवळ सरकलो. धनाजीराव, गाणारी आई मी एकोणतीस वर्षं रोज ऐकत होतो. पण मला जेवायला हाक मारणारी आई, ताप आल्यावर कपाळाला हात लावून बोलणारी आई, तिचा आवाज कसा होता ते मी विसरलो होतो. तो हा. तीच बाई गात होती. इतकी वर्षं कॅसेटमधली आई आणि ही आई मला वेगळ्या का वाटल्या नाहीत, हे मला अजून कळत नाही.

तिसऱ्या ओळीला शेजारून आणखी एक आवाज येऊ लागला. शिवानी गुणगुणत होती. ताण नाही, शीर फुगलेली नाही, सहज, भाकरी थापावी तसं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पद संपेपर्यंत दोघी बरोबर होत्या.

मी सवयीने उठणार, तेवढ्यात तुमचं पत्र आठवलं. बसलो. आणि आई बोलली. तुम्ही ऐकलंच आहे, तरी लिहितो, कारण लिहिताना पुन्हा ऐकू येतं. "नीला, टेपचा तांबडा दिवा इझला बग. दुपारभर गानी ऐकलीस न्हवं? असू दे, मी न्हाय सांगत त्येला. नवं सेल आनू दे, मी परत म्हनते."

नीलम्मा फरशीकडे बघत होती. मी विचारलं, कुठली गाणी? ती म्हणाली, सिनेमाची. मी म्हटलं, सगळी दुपार? ती म्हणाली, सगळी. मग शिवानीला हसू फुटलं, तिच्या मागोमाग नीलम्माला, आणि मला रडू आलं ते त्या हसण्यात खपून गेलं. आई परत म्हणायला तयार होती. मशीनवरचा आवाज माझा नव्हे, हेही तिने मला तोंडावर सांगितलं होतं. मी चौतीस वर्षं लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले आणि घरात आई बोलत होती ते मला ऐकू आलं नाही. आणि तुम्हाला पोत्यावरचा म्हणालो. चुकलो. तुम्ही त्या पोत्यावर बसून जे ऐकलंत ते मी गादीवर बसून ऐकलं नाही.

सोमवारी मठात शिवानीने पद म्हटलं. काळी चार. आईबरोबर गाणारी अंबुबाई आता नव्वदीची आहे, तिला दिसत नाही. पहिल्या ओळीला तिने मान वर केली आणि शेजारणीला म्हणाली, "सुंदरम्मा आली की गं." मला आणखी काही नको.

काल सहा नवे सेल आणले. जुना टेपरेकॉर्डर माळ्यावरून काढला, पुसला. नीलम्माला बजावलं की दुपारी याला हात लावायचा नाही. ती म्हणाली, आता माझ्याकडे मोबाइल आहे. मग घड्याळाखाली शिवानीला बसवलं आणि म्हटलं, पणजीने परत म्हणते असं कबूल केलं होतं, ते तू म्हण. तीच कॅसेट सोबत आहे. मागे घड्याळ आहे. मोजून बघा, शंभर भरतील.

सनई लगेच धाडा. माझे जुलैपासूनचे दिवस बुडाले आहेत, ते मी फेब्रुवारीपर्यंत वसूल करणार. तुमची शिक्षा वेगळी, ती जूनपर्यंत.

ईश्वरप्पा


(पोस्टकार्ड)
बार्शी, २ सप्टेंबर

ईश्वरप्पा, रामराम. सनई आजच्या गाडीने निघाली आहे, पापड म्हणून उतरवून घ्या. शिवानीची कॅसेट ऐकली. टिकटिक मोजायला तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा मधेच मोजायचं विसरलो, तेव्हा शंभर भरतात की नाही ते सांगता येत नाही. आज चौथ्यांदा लावली. पंखा बंद करायचा राहिला होता, हे कॅसेट संपल्यावर गोजाबाईने दाखवलं तेव्हा कळलं. धनाजी